‘ज्यू हा वंश आहे’ : फिरणाऱ्या मेसेजमधले दावे

‘ज्यू हा धर्म नाही, वंश आहे. म्हणून बाहेरचा कुणी ज्यू होऊ शकत नाही, इस्रायल डीएनए तपासून नागरिकत्व देतं, आणि नाझींनीही त्यांना वंशावरूनच ओळखलं.’ असा मेसेज सध्या ग्रुपांतून फिरतोय. तिन्ही दावे चुकीचे आहेत.

‘बाहेरचा ज्यू होऊ शकत नाही.’ होऊ शकतो, फक्त वेळ लागतो. आधी अभ्यास. मग बेथ दिन, म्हणजे तिघांच्या धर्मन्यायमंडळापुढे धर्माज्ञा पाळण्याची कबुली. पुरुषाची सुंता होते; आधीच झालेली असेल तर नुसता थेंबभर रक्त काढण्याचा विधी. शेवटी मिकवेमध्ये, म्हणजे विधीच्या पाण्याच्या कुंडात, बुडी. मिकवेत किमान 40 सआ (हे प्राचीन माप) पाणी लागतं, म्हणजे कुणाचं माप धरता त्यावर साधारण 330 ते 575 लिटर, आणि मुळात ते पावसाचं किंवा झऱ्याचं हवं. बोटात घट्ट अंगठी राहिली तर तिच्याखाली पाणी पोचत नाही, बुडी पुन्हा मारावी लागते. खरी अडचण पुढे येते: रिफॉर्म या उदारमतवादी पंथाच्या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, केलेलं धर्मांतर ऑर्थोडॉक्स, म्हणजे सनातनी, रब्बी मानत नाहीत. पण एकदा मान्य झालं की धर्मांतर केलेल्या बाईची पुढची मुलं जन्मतःच ज्यू. रक्ताचा प्रश्न असता तर हे जमलंच नसतं.

‘डीएनए तपासून नागरिकत्व.’ ज्यूंना इस्रायलमध्ये येऊन स्थायिक होण्याचा हक्क देणाऱ्या 1950 च्या परतीच्या कायद्याखाली कागद मागतात: जन्मदाखले, आईवडिलांचा विवाहकरार, रब्बीचं पत्र. 1970 च्या दुरुस्तीनुसार ज्यू म्हणजे ज्यू आईच्या पोटी जन्मलेला किंवा धर्मांतरित, आणि दुसऱ्या धर्माचा नसलेला. हक्क मात्र ज्यूच्या मुला-नातवंडांना आणि त्यांच्या जोडीदारांनाही आहे. त्यामुळे केवळ आजोबा ज्यू असलेला माणूस नागरिक होतो, पण रब्बी त्याचं लग्न लावत नाहीत. आपल्या कोकणातले बेने इस्रायल, गावकऱ्यांचे शनिवार तेली, हेही यात अडकले. 1961 नंतर रब्बी त्यांच्या लग्नाआधी आईकडच्या पिढ्या तपासू लागले, कारण पूर्वीचे घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे झाले का आणि समाजाबाहेर लग्नं झाली होती का, ही शंका. आंदोलन झालं, आणि 1964 मध्ये इस्रायली संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं ठरवलं. वाद कागदपत्रांचा आणि धर्मशास्त्राचा होता, नाकाडोळ्यांचा नव्हे.

‘नाझींनी वंशावरूनच ओळखलं.’ भाषा वंशाची होती, पण वंश मोजायला साधन नव्हतं. 1935 च्या न्यूरेंबर्ग कायद्यांखालच्या नियमांत चारपैकी तीन आजी-आजोबा ज्यू असले की माणूस ज्यू, आणि आजी-आजोबा ज्यू कशावरून? ते ज्यू धर्मसमुदायाचे होते यावरून.

यावरून कुणी ‘मग हा फक्त धर्म’ म्हणेल, तर तेही चूक. नास्तिक ज्यू ज्यूच राहतो. धर्म हा या समाजात शिरायचा दरवाजा आहे. बाहेर पडायचा मात्र नीट दरवाजा नाही. ओस्वाल्ड रुफायसेन हा पोलंडचा ज्यू युद्धकाळात कॅथलिक झाला, पुढे मठवासी. 1962 मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला परतीच्या कायद्याखाली ज्यू मानायला नकार दिला, जरी पारंपरिक धर्मशास्त्राप्रमाणे तो ज्यूच होता. पुढे तो सामान्य मार्गाने नागरिक झाला आणि इस्रायलमधल्या हैफा शहरातच राहिला.