जणू मला येतंच

रविवारी सकाळी हातात मटणाची पिशवी, एक पाय चपलेत, अशा अवस्थेत लेकीनं मला गाठलं. दुसऱ्या दिवशी मराठीचा पेपर. "बाबा, उपमा आणि उत्प्रेक्षा यांत फरक काय?"

रव्याचा विनोद मी करून घेतला. कुणी हसलं नाही. प्रत्येक घरात तो एकदा होतोच, त्यामुळे त्याला मान उरलेला नाही.

शाळेत मला मराठीत चांगले गुण पडायचे, ते युक्तीवर. 'सारखा, सम, परी' दिसलं की उपमा. 'जणू, गमे, भासे' दिसलं की उत्प्रेक्षा. ओळीचा अर्थ कळलाच पाहिजे अशी सक्ती नव्हती. हे गुपित मी लेकीच्या हवाली केलं. ती म्हणाली, "हे बाईंनीपण सांगितलंय. फरक काय ते सांगा."

चपलेतला पाय बाहेर काढून मी बसलो. चंद्रासारखं मुख वगैरे तिला पटेना, कारण चंद्रावर खड्डे आहेत. मग रोजची लोकल घेतली. डबा बटाट्याच्या गोणीसारखा भरलाय, ही उपमा. डबा डब्याच्या जागी, गोणी गोणीच्या जागी, साम्य तेवढं आहे. डबा म्हणजे जणू गोणीच, ही उत्प्रेक्षा. बघणाऱ्याचं मन आता डळमळायला लागलं. डबा ही गोणी आणि मी त्यातला बटाटा, हे रूपक, भेदच मिटला. छे, हा डबा नव्हेच, ही गोणी आहे, ही अपन्हुती; डब्याचं अस्तित्वच नाकारलं. आणि डबा गोणीच्याही वरचढ, तिच्यात निदान चौथ्या सीटवरून भांडणं होत नाहीत, हा व्यतिरेक.

लेक भराभर लिहून घेत होती. बापाला एवढं बळ पुरतं. मी इतिहासात शिरलो. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी आपल्या ठाण्यालाच आली. 14 डबे, सुमारे 400 पाहुणे. म्हणजे डब्यामागे 28-29 माणसं.

"एवढी तर आता माझ्या एकट्याच्या पाठीवर असतात."

"अतिशयोक्ती," लेक म्हणाली.

"स्वभावोक्ती," मी म्हणालो. जे जसं आहे त्याचं हुबेहूब वर्णन.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. चारांत भागत होतं. नंतरच्या पंडितांनी ती संख्या शंभराच्या घरात नेली. त्यांच्या मुलींचा सोमवारी पेपर नसावा.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, काय विद्वत्ता! मटणवाला दुकान बंद करून जेवायला बसला असेल, पण तुमचं व्याख्यान ऐकायला तो नाही याचंच वाईट वाटतं." मी लेकीला हळूच म्हटलं, "लिही. व्याजस्तुती. वरून स्तुती, आतून निंदा." आमच्या घरात या अलंकाराची उदाहरणं पाठ करावी लागत नाहीत.

पुढे शब्दशक्ती, म्हणजे शब्द अर्थ कसा देतो ते. अभिधा, लक्षणा, व्यंजना. अभिधा म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ. गाडीत आपण म्हणतो, "ठाणं आलं." ठाणं कुठं येतंय? ते जागचं हललेलं नाही, आलो आपण. सरळ अर्थ अडला की लक्षणा. मम्मट या संस्कृत पंडिताच्या 'काव्यप्रकाशा'तलं उदाहरण आहे, गंगेवर गवळीवाडा. प्रवाहावर वाडा बसणार कसा? म्हणून अर्थ घ्यायचा, काठावर. आणि तरीही 'गंगेवर' म्हटलं की थंडावा आणि पावित्र्य सुचतं, ती व्यंजना. आमच्या इमारतीच्या जाहिरातीत 'तलावावरचं घर' असं होतं. गच्चीतल्या पाण्याच्या टाकीवर चढून उजवीकडे वाकलं तर मासुंदा तलावाचा एक कोपरा दिसतो, तोही झाडं छाटली असतील तर. थंडावा आणि पावित्र्य मात्र बिल्डरनं चौरस फुटाच्या भावात धरून घेतलं होतं. मम्मटाला हे सुचलं नाही.

मटण अर्थातच संपलं होतं. मिसळ आणली. मामलेदारच्या मिसळीसारखी मिसळ मामलेदारचीच, हा अनन्वय, हे नाक पुसत पुसत शिकवून झालं.

तेवढ्यात पुण्याहून लेकीच्या मामाचा फोन. काय चाललंय म्हणाला. मी गवळीवाड्यापासून सुरुवात केली. त्यानं दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "भाऊजी, तुम्हाला ठाण्याला न्यायला हवं."

"मामा, आम्ही ठाण्यातच राहतो!" लेक ओरडली.

तिला सांगावं लागलं, की मनोरुग्णालय इथं 1901 पासून आहे आणि तेव्हापासून उभ्या महाराष्ट्रात आपल्या गावाचं नाव दुसऱ्याच अर्थानं घेतात. ती क्षणभर गप्प बसली. मग डोळे चमकले. "म्हणजे आपण आधीच ठाण्यात आहोत, म्हणून सरळ अर्थ अडला. अडला म्हणून लक्षणा!"

एवढं चोख तर मलाही सांगता आलं नसतं. छाती फुगली.

पेपर मिळाला. लक्षणेच्या प्रश्नाखाली तिनं लिहिलं होतं, 'माझ्या बाबांना ठाण्याला न्यायला हवं.' बाईंनी पूर्ण गुण दिले होते आणि शेजारी लाल शाईत, 'पालकांनी भेटून जावे.'

उद्या अर्धी रजा टाकलीय. बाईंचं वाक्य अभिधेनं घ्यायचं की व्यंजनेनं, हे लेकीला विचारलं, तर म्हणाली, "बाबा, ते तुम्हाला यायला पाहिजे."