बसायला जागा

गेले दोन आठवडे इथे लंडनमध्ये ऑफिसला जातायेता ट्रेनमध्ये एक आठवणींचं पुस्तक वाचतोय. एका गे माणसाने लंडन, लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या बारमधल्या स्वतःच्या रात्री सांगितल्यात, आणि सांगता सांगता त्या जागांचाही इतिहास येतो. फोनवर आत्याला हे सांगितलं (ती बडोद्याला, दांडिया बाजारात राहते, मी गे आहे हे घरात सगळ्यात आधी तिलाच सांगितलेलं) तर म्हणाली, "अरे पण बारचा कसला इतिहास? दारू प्यायची जागा ना ती?"

तिला दोष नाही देणार मी. गुजरात राज्य 1960 साली झालं तेव्हापासून दारूबंदी, आम्ही बार सिनेमातच बघितलेला. पण घरच्या ग्रुपवरही सूर हाच असतो, की तू आहेस तसा ठीक आहेस बाबा पण ते नाइटलाइफ वगैरे तिकडचं, इकडे नको, आणि हे मला खरंच लागतं.

कारण इंग्लंडमध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा म्हणणारा कायदा 1967 ला बदलला तोही किती, तर दोघंही एकवीसच्या वरचे हवेत आणि सगळं चार भिंतींच्या आत. बाहेर पोलीस पकडतच राहिले. मग माणसांनी भेटायचं कुठे? घरमालकाची भीती, नोकरीची भीती, आणि बार ही एक जागा जिथे खोटं बोलावं लागत नव्हतं, तिथेच कुणाला खोली मिळायची, कुणाला काम, एड्सच्या काळात कोण गेलं तेही तिथेच कळायचं. 30 एप्रिल 1999 ला लंडनच्या सोहो भागातल्या अ‍ॅडमिरल डंकन या गे पबमध्ये बॉम्ब फुटला, तीन माणसं गेली. पब पुन्हा उघडला. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दाराशी नुसताच उभा राहिलो होतो, आत पाय टाकवेना.

आता इथेही या जागा बंद पडतायत. लंडनमध्ये 2006 ला अशा 125 जागा होत्या, 2017 पर्यंत 53 उरल्या. भाडी वाढली, बिल्डर आले, फोनवर डेटिंग अ‍ॅप आलं. लग्नाचा हक्क 2014 ला मिळाला पण बसायची जागा गेली.

आणि आपल्याकडे? 6 सप्टेंबर 2018 ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 चा धाक गेला, मी त्या दिवशी इथे ऑफिसच्या जिन्यात बसून रडलो होतो. 2023 ला कोर्टाने लग्नाचा प्रश्न संसदेवर सोडला. तेव्हापासून सगळी भांडणं लग्नावरच, पण बडोद्यातला वीस वर्षांचा मुलगा आज संध्याकाळी कुठे जाऊन बसेल हे कोणी विचारतच नाही. मी कमाटीबागेतल्या बाकावर बसायचो, नाहीतर सुरसागर तलावाच्या कठड्यावर, एकटाच, अंधार पडला की घरी. फक्त नवरात्रात नऊ रात्री सगळं गाव जागं, दोन मुलं शेजारी शेजारी पहाटेपर्यंत गरबा खेळली तरी कोणी वळून बघायचं नाही. नाइटलाइफ तिकडचं म्हणणाऱ्यांनी मला सांगावं मग ते काय होतं.

चित्रकार भूपेन खख्खर बडोद्यातच राहिले, हिशेब तपासायची नोकरी करत न्हावी, घड्याळजी अशी साधी माणसं रंगवली, आणि पुढे पुरुषांचं प्रेमही उघडपणे रंगवलं. शाळेत आम्हाला यातलं अक्षरही कोणी सांगितलं नाही. 2016 ला टेट मॉडर्नमध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन लागलं तेव्हा आपल्याच गावचा हा माणूस मला लंडनमध्ये भेटला. बडोद्यात असताना एकदा जरी लांबून दिसले असते तरी माझी पाच-सात वर्षं वेगळी गेली असती असं वाटतं.

परवा आत्याला म्हटलं, वाड्यातली पुढची खोली आजोबा गेल्यापासून बंदच आहे ना, महिन्यातून एक शनिवार काही मुलांना चहाला बसू देशील का. दारूचा प्रश्नच नाही. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "शेजारच्यांना काय सांगू रे?"

डिसेंबरात जातोय, तेव्हा समोर बसून परत विचारणार आहे.