तेवढा फोटो काढा

लेकाच्या सहाव्या वाढदिवसाचे फोटो मी स्टेटसला टाकले आणि तासाभरात त्याच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईचा फोन. आवाज गोड, पण मुद्दा थेट: आमची मुलगी दिसतेय, तेवढा फोटो काढा. हॅम्बुर्गमध्ये नऊ वर्षं काढूनही मला हे सुचलं नव्हतं. पंचवटीत आमच्याकडे बारशाचे फोटो बाळाचं नाव ठेवायच्या आधी गावभर फिरून येतात!

नाशिकच्या शाळेतल्या आमच्या ग्रुपवर सध्या याच विषयावर जुंपली आहे. कुणीतरी अपघाताचा व्हिडिओ टाकला. एक म्हणतो, ॲडमिनला आत टाका. दुसरा म्हणतो, जर्मनीत बघा कसे कडक कायदे आहेत. मग सगळे माझ्याकडे वळतात, जणू मीच ते लिहून आलेय.

कायदे आहेत, खरंच. माणसाचा फोटो त्याला विचारल्याशिवाय प्रसिद्ध करायचा नाही, हे इथे १९०७ पासून. १८९८ मध्ये जर्मनीचा माजी चान्सलर बिस्मार्क वारला तेव्हा दोन फोटोग्राफर रात्री त्याच्या खोलीत घुसले आणि प्रेताचा फोटो विकायला निघाले. त्या प्रकरणाने गाजावाजा झाला आणि पुढे हा कायदा आला. मृताचं बीभत्स चित्रण करून ते पसरवणं २०२१ पासून गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. पण त्याच साली ह्याच शहरात, शहराच्याच गृहमंत्र्याला ट्विटरवर एक अचकट शब्द वापरला म्हणून पोलीस झडतीला एका घरी पोचले होते. ती झडती बेकायदा होती, हे न्यायालयाने नंतर सांगितलं. आपल्याकडे आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुरासाठी कैद सांगणारं आयटी कायद्याचं कलम ६६अ मोघम आहे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच रद्द केलं. आणि ॲडमिनचं म्हणाल, तर दुसऱ्याच्या पोस्टमध्ये त्याचा हात नसेल तर तो दोषी नाही, असं नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय. तिकडचा कायदा हवा म्हणणाऱ्यांना ती झडतीही हवी आहे का?

मला खरं तर कायद्यापेक्षा तो फोन आठवतो. कुणीतरी उचलून विचारलं, एवढंच.

८ ऑक्टोबर २०२२ ला पहाटे नाशिकच्या मिरची हॉटेल चौकात खासगी बस पेटली, बाराजण गेले. मी उठले तेव्हा आत्याचा व्हिडिओ येऊन पडला होता, खाली 'काळजी घ्या'. मी फोन लावला.

"आत्या, हे कशाला पाठवलंस?"

"अगं, कळायला नको का सगळ्यांना?"

"आत माणसं होती ना."

ती गप्प. मग म्हणाली, "बस यवतमाळहून येत होती गं. त्यांच्या घरच्यांनी हेच आधी पाहिलं असेल, नाही?"

तिने सगळीकडून तो काढला. तोवर मी नवऱ्याला दाखवून मोकळी झाले होते.