शंभर ग्रॅमच्या मागचे विज्ञान

कुस्तीतल्या वजन तोडण्यावर, म्हणजे ठरलेल्या वजनगटात बसायला झटपट वजन उतरवण्यावर, एक लेख वाचला. त्यात पॅरिस २०२४ ऑलिम्पिकमध्ये पैलवान विनेश फोगाट ज्या जास्तीच्या शंभर ग्रॅममुळे बाद झाली त्याचा उल्लेख आलाय, पण त्यामागचं विज्ञान दोन ओळींत उरकलंय. म्हणून थोडं लिहितो.

वजन करण्याआधीच्या शेवटच्या दिवसांत उतरतं ते बहुतेक पाणी, चरबी नव्हे. रक्त घट्ट होतं, हृदयाचे ठोके वाढतात, घाम कमी झाला की शरीर आतून तापत जातं. १९९७ साली अमेरिकेत कॉलेजचे तीन पैलवान महिना-सव्वा महिन्यात असंच वजन तोडताना दगावले. तेव्हा कुठे तिथल्या कॉलेज कुस्तीत घाम काढायचे रबरी सूट आणि सौना (गरम वाफेची खोली) बंद झाले. हंगामाच्या सुरुवातीला लघवीची घनता तपासून अंगात पाणी पुरेसं आहे ना ते बघायचं, मग चरबी मोजून त्या पोराचं किमान वजन ठरवायचं, हा नियम आला. त्याखालच्या गटात उतरायचंच नाही!

आमच्या तालमीत (कोल्हापूरकडची, नाव नको) मी सोळाव्या वर्षी दोन दिवस पाण्याचा घोट न घेता, अंगावर घोंगडी घेऊन पळालोय. वजनाचा काटा जिंकला, म्हणजे गटात बसलो, पण पहिल्याच कुस्तीत पोटऱ्यांत गोळे येऊन चीत झालो. वस्तादांचा दोष नाही, त्यांनाही कुणी हेच शिकवलं होतं. खुराकाचं मात्र त्यांना पक्कं कळायचं.

आता जागतिक स्पर्धांत वजन कुस्तीच्याच दिवशी सकाळी होतं, त्यामुळे रात्रभर खाऊन-पिऊन भरून काढायची सोय उरली नाही. आपल्याकडच्या कुमार गटाच्या स्पर्धांत लघवीची तपासणी कुणी पाहिलीय का? मी तरी नाही.