बैलजोडीसकट प्लॉट

बेसा रस्त्यावरचा दीड हजार फुटांचा प्लॉट दाखवताना दलाल म्हणाला, "एकदम क्लिअर आहे भाऊ. आर.एल. झालेला. डोळे मिटून घ्या."

नागपुरात मुलगी बघायला गेलं की पत्रिका विचारतात आणि प्लॉट बघायला गेलं की आर.एल. म्हणजे नियमितीकरणाचं पत्र. शेताचे तुकडे पाडून विकलेले कितीतरी ले-आउट 2001 च्या गुंठेवारी कायद्यानं नियमित झाले, तेव्हापासून या दोन अक्षरांवर आमची भारी श्रद्धा. मी डोळे मिटायच्या बेतातच होतो. बायको म्हणाली, वकिलाला दाखवा.

महाल भागातल्या वकीलसाहेबांनी कागद नाकाजवळ धरून वास घेतल्यासारखे वाचले. "आर.एल. म्हणजे ले-आउट नियमित झाला. मालक कोण, हे त्यात कुठं आहे जी? आधी तीस वर्षांचा सर्च काढू, मग मिटा डोळे."

सर्च म्हणजे दुय्यम निबंधकाकडे जाऊन त्या जागेचे सगळे व्यवहार वर्षावर्षानं पाहायचे: कोणी विकलं, कोणी गहाण टाकलं, कोणी बक्षीस दिलं. इंडेक्स टू म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा उतारा, सातबारा, फेरफार, आखीव पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. आठवड्याभरात मला विकणाऱ्याच्या घराची इतकी माहिती झाली, की त्यांच्याकडे बारसं असतं तर आत्याच्या जागी मला उभं करता आलं असतं.

सुरुवात बैलांपासून झाली. ले-आउट पडायच्या आधी ते शेत ज्याचं होतं, त्यानं बैलजोडीसाठी सेवा सहकारी सोसायटीकडून 1,200 रुपये उचलले होते. तो बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत तसाच. शेतकरी गेला, बैल गेले, शेतावर तीन मजली घरं झाली. "बैल अजून सातबाऱ्यावर चरून राहिले," वकीलसाहेब म्हणाले. बोजा उतरवायला सोसायटीचा बेबाकी दाखला, म्हणजे काही बाकी नाही असा कागद, लागतो, आणि सोसायटी अवसायनात, म्हणजे गुंडाळायलाच, निघालेली. बाराशे रुपये खिशात घेऊन मी महिनाभर हिंडलो, पण ते घ्यायला कोणी तयार होईना.

मग चतुःसीमा. 1984 च्या खरेदीखतात लिहिलेलं: पूर्वेस बाभळीचे झाड, पश्चिमेस प्रस्तावित रस्ता. बाभळीच्या जागी आता पानठेला आहे. ठेलेवाल्याला बाभळीबद्दल विचारलं, तर त्यानं मला फुकट खर्रा देऊ केला. उन्हानं डोकं फिरलेल्या माणसाशी इथे असंच गोडीनं वागतात. पश्चिमेच्या प्रस्तावित रस्त्यावर शेजाऱ्याचा जिना आणि जिन्याखाली कूलर.

पण खरा घोळ कुठल्याच कार्यालयात सापडला नाही, तो सापडला विकणाऱ्याच्या दिवाणखान्यात. कागदावर सगळं गोड होतं. वडिलांनी प्लॉट घेतला, 1996 साली वडील वारले, आई आधीच गेलेली, फेरफारात वारस म्हणून एकच मुलगा. आम्ही चहा घेत होतो. वकीलसाहेबांची नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली. फोटोत विकणारे भाऊ पाटावर बसलेले, मनगटावर बशीएवढी राखी, समोर ताट घेतलेली बाई.

"ह्या कोण?"

"आमची ताई. अमरावतीले दिली."

वकीलसाहेबांनी कप खाली ठेवला. "सख्खी?"

"मंग काय चुलत?"

"फेरफारात नाही दिसल्या त्या."

"कशा दिसतीन जी? लग्न झालं होतं न तिचं!"

वकीलसाहेबांनी शांतपणे सांगितलं, की बापानं स्वतःच्या कमाईतून घेतलेल्या आणि मृत्युपत्राशिवाय मागे ठेवलेल्या मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस आहे, लग्न झालेलं असो वा नसो, आणि हे 1956 पासून. शिवाय फेरफार महसुलासाठी असतो. त्यात नाव नाही म्हणून हक्क जात नाही. 1956! त्याच वर्षी नागपूरची राजधानी गेली. ते दुःख नागपूरकर अजून रोज चहाबरोबर काढतो, पण त्याच वर्षी बहिणीला हक्क आला हे आमच्यातल्या कोणाच्याच लक्षात नाही.

दरम्यान वर्तमानपत्रात जाहीर सूचना दिली: कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. दोन फोन आले. एकानं प्लॉटचा भाव विचारला. दुसऱ्यानं, त्याच्यापेक्षा स्वस्त आपल्याकडे आहे, असं सांगितलं.

भावानं ताईला फोन लावला तेव्हा मी समोरच होतो. "ताई, तब्येत कशी आहे? लय दिवसांत आली नाही." इतका लोण्यासारखा आवाज मी नागपुरात उन्हाळ्यात कधी ऐकला नव्हता. ताई आल्या, फरसाण घेऊन आल्या, आणि हक्कसोडपत्राचा मसुदा वाचून तो घडी घालून भावाला परत दिला. "हक्क सोडत नाही. विकायला सही करतो. अर्धे मले." भाऊ दोन दिवस जेवला नाही म्हणे. मग भाव वाढवून जेवला.

वाढलेल्या भावासाठी आमचं महालातलं घर तारण ठेवायचं ठरलं. बँकेनं त्याचा सर्च करायला दिला तो याच वकीलसाहेबांकडे. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन. "या जरा. एकटेच या."

आमच्या आखीव पत्रिकेवर अजून आजोबांचं नाव होतं. आजोबा जाऊन छत्तीस वर्षं झाली. वकीलसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "तुमच्या वडिलांना बहिणी किती?"

एक. आत्या वर्ध्याला असते. शेवटचं कधी बोललो, ते आठवायला मला बायकोची मदत लागली. तिला आठवलं, तिला असलं सगळं आठवतं.

संध्याकाळी गच्चीवर जाऊन फोन लावला. घसा खाकरला.

"आत्या, नमस्कार करतो. तब्येत कशी आहे? लय दिवस झाले, म्हटलं..."

पलीकडे थोडा वेळ शांतता.

"कोणता कागद आहे रे?" आत्या म्हणाली.