सायलेन्सरची ‘सात गुपितं’ आणि बाबांनी बुजवलेलं भोक

गेल्या रविवारी बाबांचा चिपळूणहून फोन आला. “अरे, गाडीचा आवाज वाढलाय, पण तू काळजी करू नको. सायलेन्सरला एम-सील लावलंय. गणपतीपुळ्याला जाताना काचा बंद करून एसी लावू, म्हणजे आत काही ऐकूच येत नाही.” गाडीत ते, आई आणि ताईची दोन मुलं असणार होती. हा उपाय कुणी सांगितला, असं विचारल्यावर म्हणाले, “तो मेसेज नाही का, आत्याने ग्रुपवर टाकलेला.”

तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. ‘जुन्या गाडीचा सायलेन्सर बदलताना फसू नका, शोरूमवाले लपवतात ती सात गुपितं.’ सात मुद्दे थोडक्यात असे: कंपनीच्या सायलेन्सरमध्ये फक्त नावाचे पैसे असतात, पत्रा सारखाच. आतले पडदे, म्हणजे आवाज अडवणाऱ्या पत्र्याच्या आडभिंती, काढले की मायलेज तीन-चार किलोमीटरनी वाढतं. चुंबक चिकटला तर ते स्टेनलेस नव्हे. तळाचं बारीक भोक वेल्डिंगने बुजवा, गाडी शांत होते. जुन्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातलं विष कमी करणारा भाग) लागत नाही, काढून विका. सायलेन्सर गळला तरी फक्त आवाज वाढतो, एम-सील लावा आणि काचा बंद ठेवा. आणि शेवटचं, मोठ्या आवाजाने रस्त्यावरचे लोक सावध होतात, अपघात टळतात.

बाबांची गाडी 2006 ची मारुती 800. 2021 च्या जुलैमधल्या पुरात ती सावर्ड्याला मामांकडे होती म्हणून वाचली. त्याच वर्षी तिला 15 वर्षं झाली, तेव्हा पासिंग करून पाच वर्षांची मुदत वाढवून घेतली. ही गाडी ते विकणार नाहीत आणि विका असं मी म्हणतही नाही. जुनी गाडी नीट ठेवून वापरण्यात काहीच गैर नाही. पण ती नीट ठेवायची तर या मेसेजचं ऐकून चालणार नाही.

सहाव्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण हा एकच मुद्दा माणसाचा जीव घेऊ शकतो.

सायलेन्सर गळतो तेव्हा नुसता आवाज बाहेर येत नाही, धूरही येतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. माणूस श्वास घेत असतो, तरी शरीराला ऑक्सिजन पुरेसा मिळत नाही. सुरुवातीला डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, झोप येते. आपल्याकडे प्रवासात मुलांना असं झालं की आपण काय म्हणतो? ‘गाडी लागली.’ मग आवळा सुपारी देतो, मागच्या सीटवर आडवं करतो आणि झोपू देतो. मागची सीट डिकीला लागून, आणि 800 चा सायलेन्सर डिकीच्याच खाली.

धूर वाऱ्याने मागे उडून जात असेल, असं वाटतं. तसं होत नाही. धावत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर तिथेच घोटाळतो. डिकीच्या दाराचं रबर वीस वर्षांत कडक झालेलं असतं. कोकणातल्या गाडीचा तळाचा पत्रा मॅटखाली कुठे कुठे खाल्लेला असतो. अशा फटींतून धूर आत येतो. काचा बंद, एसी आतलीच हवा फिरवतोय, म्हणजे आत आलेलं आतच राहतं. घाटात दरड कोसळून रांग लागली आणि इंजिन चालू ठेवून उभं राहायची वेळ आली, तर परिस्थिती आणखी वाईट. ‘काचा बंद ठेवा’ हा सल्ला लिहिणाऱ्याला आवाजाचा त्रास कळला, धुराचा विचार त्याच्या डोक्यात आलाच नाही. गळका सायलेन्सर असताना गॅरेजपर्यंत जायची वेळ आलीच, तर चारही काचा उघड्या ठेवून एकट्याने जायचं. मुलांना घेऊन गणपतीपुळ्याला तर अजिबातच नाही.

आणि एम-सील? नळाच्या गळतीला ते चांगलं. एक्झॉस्टच्या पाइपाचं तापमान शेकडो अंशांवर जातं, त्या उष्णतेला ते टिकत नाही. सुटतं, आणि सुटलेलं गाडी चालवणाऱ्याला दिसत नाही.

याला लागूनच पाचवा मुद्दा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत कॅटकॉन, हा कार्बन मोनॉक्साइड जाळूनच कमी करतो. म्हणजे हा मेसेज आधी विष कमी करणारा भाग विकायला सांगतो आणि पुढच्याच ओळीत तो धूर गाडीत कोंडायला सांगतो. कॅटकॉनमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा थर असतो. म्हणूनच भंगारवाले त्याला पैसे देतात. ‘लागत नाही’ म्हणणाऱ्यांना त्यातूनच पैसे मिळतात, हे लक्षात ठेवा. पीयूसीचं गणितही सरळ आहे. भारत स्टेज म्हणजे धुराचे सरकारी निकष. त्यातल्या दोन आणि तीनच्या पेट्रोल चारचाकींना उभ्या गाडीच्या तपासणीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.5 टक्के आहे. त्याआधीच्या गाड्यांना ती 3 टक्के आहे. 2006 च्या गाडीचा कॅटकॉन काढलात तर ही तपासणी प्रामाणिकपणे पास होणं कठीण.

आता चौथा मुद्दा, तळाचं बारीक भोक. आमच्या घरात सगळं इथूनच सुरू झालं. हाच मेसेज गेल्या पावसाळ्यातही आला होता. तेव्हा बाबांनी गॅरेजमध्ये सांगून ते भोक वेल्डिंगने बुजवून घेतलं. मला आत्ता कळलं.

ते भोक कारखान्यात मुद्दाम पाडलेलं असतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात सायलेन्सर तापतो आणि ते वाफ होऊन निघून जातं. सकाळी गाडी सुरू केल्यावर मागच्या नळीतून टपटपणारं पाणी अनेकांनी पाहिलं असेल, ते हेच. पण बाबांची गाडी बाजारपेठेपर्यंत जाते, भाजी घेते, परत येते. एवढ्यात सायलेन्सर तापतच नाही. वाफेचं पाणी आतच होतं, त्यात धुरातली आम्लं मिसळतात आणि ते तळाशी साचतं. बाहेर पडायची वाट म्हणजे ते भोक. ते बुजवलं की पत्रा आतून सडतो. बाहेरून काळा रंग शाबूत दिसतो आणि एक दिवस खालची शिवण उसवते. सायलेन्सर आठ वर्षं जुना होता, तो कधीतरी जाणारच होता, हे मान्य. पण या पावसाळ्याच्या तोंडावर नेमका तळाशीच गेला. भोक बुजवल्याने आवाजात काडीचा फरक पडत नाही. मेसेजने आधी गळती लावली आणि मग गळतीवर चुकीचं औषध सांगितलं.

दुसरा मुद्दा, पडदे काढायचा. इथे अर्धं सत्य आहे, तेवढं नाइलाजाने मान्य करतो. आतला पडदा तुटून आडवा पडला किंवा कॅटकॉन वितळून तुंबला, तर इंजिन गुदमरतं आणि मायलेज खरंच पडतं. अशा वेळी सायलेन्सर बदलायचा, पोकळ करायचा नाही. धड सायलेन्सरचे पडदे काढून तीन-चार किलोमीटर वाढतात, याला काही आधार नाही.

कायद्याचं इथेच सांगून टाकतो. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 120 सांगतो की प्रत्येक वाहनाला सायलेन्सर हवाच, आणि त्याने धुराच्या बाहेर पडण्याचा आवाज शक्य तितका कमी केला पाहिजे. प्रत्येक वाहन, म्हणजे त्यात शेतीचा ट्रॅक्टरसुद्धा आला. वाहन आवाजाच्या ठरलेल्या मर्यादेत बसेल असं राखण्याची जबाबदारीही त्याच नियमात आहे. तिथे गाडीच्या वयाची सवलत शोधू नका. आवाजाचे आणि प्रदूषणाचे निकष मोडून गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 खाली पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय लायसन्स तीन महिने जातं. सातव्या मुद्द्याचाही निकाल यात लागतो. मागच्या नळीचा आवाज मुख्यतः मागे जातो, समोरून रस्ता ओलांडणाऱ्या आजीला त्याचा काय उपयोग? रात्री वाड्यातल्या आजारी माणसाला आणि तान्ह्या बाळाला मात्र तो नक्की ऐकू जातो.

चुंबकाचं म्हणणं अर्धवट आहे. 304 दर्जाच्या स्टेनलेसला चुंबक सहसा चिकटत नाही, बरोबर. पण सायलेन्सरसाठी सर्रास वापरलं जाणारं 409 हेही स्टेनलेसच. त्यात क्रोमियम 11 टक्क्यांच्या आसपास असतं आणि त्याला चुंबक चिकटतो. या कसोटीने तुम्ही चांगला माल नाकाराल. साध्या पत्र्यावर अ‍ॅल्युमिनियमचा थर दिलेला सायलेन्सरही बऱ्यापैकी टिकतो. वीस वर्षांच्या गाडीला, जी अजून पाच-सात वर्षं चालवायची आहे, तेवढा पुरतो. नुसता काळा रंग मारलेला पातळ पत्रा मात्र समुद्राजवळ घेऊ नका.

राहिला पहिला मुद्दा, कंपनीच्या नावाचा. इथेही थोडं मान्य करावं लागेल. कंपनीच्या डब्याला, म्हणजे सायलेन्सरला, जास्त पैसे पडतात आणि बाहेरच्या चांगल्या उत्पादकाचा सायलेन्सर तितकाच टिकू शकतो. पण ‘पत्रा सारखाच’ हे खोटं, कारण फरक आतल्या रचनेत असतो. स्वस्त सायलेन्सरमध्ये भोकं पाडलेली एक सरळ नळी आणि तिच्याभोवती काचेची लोकर असते. पहिल्या दिवशी तो शांत वाटतो, म्हणून दुकानात फसायला होतं. पुढे लोकर भिजते, जळते, उडून जाते आणि डबा वाजायला लागतो. शिवाय लोकर बारीक, कर्कश आवाज शोषते, घुमणारा आवाज नाही. 800 चं तीन सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 3,000 फेऱ्यांवर सेकंदाला 75 वेळा धूर फेकतं. ती घुमघुम मोडायला आत कप्पे लागतात, जिथे लाटा एकमेकींवर आपटून विरतात. कंपनीच्या धाटणीच्या सायलेन्सरमध्ये हे कप्पे असतात.

म्हणून बाबांना दुकानात काय बघायचं ते सांगितलं. जुना डबा सोबत न्या. नवा हातात धरल्यावर जुन्यापेक्षा हलका लागला तर ठेवून द्या. पण जुन्यातलं पाणी आधी ओतून काढा, नाहीतर वजनाचा अंदाज चुकेल. नळीचा व्यास आणि लांबी तीच हवी, टांगायचे कान जुन्याच जागी हवेत, म्हणजे कापाकापी आणि वेल्डिंग करावं लागणार नाही. बाहेरचा पत्रा दुहेरी आहे का ते विचारा. तळाला ते बारीक भोक आहे का ते बोट लावून बघा. सोबत टांगायची रबरं आणि जोडावरचं पॅकिंग नवं घ्या. जुनी रबरं चिरलेली असली की नवा डबा तळाला आपटतो, आणि लोक म्हणतात सायलेन्सर खराब निघाला. बसवून झाल्यावर उघड्यावर, इंजिन थंड असताना गाडी सुरू करायला सांगा, मिस्त्रींना मागच्या नळीवर ओलं फडकं दोन क्षण दाबू द्या. जोडातून फुस्स आवाज आला तर पुन्हा आवळून घ्या. आणि पंधरवड्यातून एकदा तरी गाडी गुहागरपर्यंत न्या, आतलं पाणी उडून जाईल.

काल नवा बसला. जुना उपटून काढल्यावर मिस्त्रींनी तिरका केला, तर त्यातून तांब्याभर लालसर पाणी निघालं. बाबांनी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, आत्याच्या मेसेजखालीच. गणपतीपुळ्याला ते पुढच्या शनिवारी जाताहेत.