फुकट काम करतात, म्हणून विचारायचं नाही?

'घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्यांना आता जाबही विचारणार का?' या धर्तीचा मजकूर सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अधूनमधून फिरत असतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच. महापालिकेच्या प्रभाग समितीवर, वृक्ष प्राधिकरणावर, नगर पथविक्रेता समितीवर संस्थांचे प्रतिनिधी आणि तज्ज्ञ बसतात, ते पगार घेत नाहीत. ते फक्त सल्ला देतात. माहिती अधिकार त्यांना लागू नाही. बैठका उघड केल्या तर चांगली माणसं पळून जातील. सदस्यांची माहिती मागणं म्हणजे त्यांच्या खासगीपणावर घाला. आणि नाहीच पटलं तर निवडणूक आहेच की. हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांत कळकळीची माणसंही असतात, म्हणून थट्टेवारी न नेता उत्तर देतो.

पगार नाही, म्हणून जबाबदारी नाही, हा पहिला मुद्दा. गणेशोत्सव मंडळाचा खजिनदार कुठे पगार घेतो? तरी वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते आणि हिशेब द्यावा लागतो. पैसा लोकांचा असतो, एवढंच त्याचं कारण. महापालिकेच्या समितीत पैशाच्या जोडीला अधिकारही येतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ मधली लोकसेवकाची व्याख्या वाचा. ज्या पदामुळे सार्वजनिक कर्तव्य पार पाडण्याचा अधिकार मिळतो किंवा ते बंधनकारक ठरतं, त्या पदावरची व्यक्ती लोकसेवक. नेमणूक सरकारने केलेली असो वा नसो, असंही तिथे स्पष्ट म्हटलं आहे. व्याख्येचं हे कलम कर्तव्यावर बोट ठेवतं, पगाराच्या पावतीवर नाही.

'ते फक्त सल्ला देतात' हा सगळ्यांत जास्त खपणारा मुद्दा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातल्या कलम २९अ प्रमाणे प्रभाग समितीत त्या भागातले नगरसेवक आणि प्रभाग अधिकारी असतातच, शिवाय मान्यताप्राप्त स्वयंसेवी संस्थांचे जास्तीत जास्त तीन सदस्य घेता येतात. हे तिघे कोण निवडतं? तेच नगरसेवक. ही समिती अर्थसंकल्पापूर्वी आपल्या भागातल्या खर्चाचे प्रस्ताव पाहते आणि तरतूद असेल तर पाच लाखांपर्यंतच्या कामांना प्रशासकीय मान्यता आणि आर्थिक मंजुरी देते. मंजुरी देणाऱ्या समितीला सल्लागार म्हणणं म्हणजे शब्दांचा खेळ झाला.

वृक्ष प्राधिकरणाचं तर विचारूच नका. १९७५ च्या झाडांविषयीच्या कायद्याने उभं केलेलं हे मंडळ आहे, अध्यक्ष स्वतः आयुक्त. मुंबईत या प्राधिकरणात तज्ज्ञच नाहीत यावरून प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि २०१९ मध्ये तज्ज्ञ घेण्यात आले. २९ ऑगस्ट २०१९ च्या बैठकीत आरे इथल्या मेट्रो कारशेडसाठी २,६४६ झाडांचा प्रस्ताव मंजूर झाला: २,१८५ तोडायची, ४६१ दुसरीकडे लावायची. पुढे दोन तज्ज्ञांनी राजीनामे दिले. आपल्याला नीट म्हणणं मांडायला मिळालंच नाही, ही त्यांची तक्रार होती. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती चालल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने 'जैसे थे' म्हणेपर्यंत २,१४१ झाडं पडली होती, असं मेट्रो कंपनीनेच सांगितलं.

आता या प्रसंगात 'बिचारे स्वयंसेवक' म्हणून पडदा टाकून कोणाचं भलं झालं असतं? त्या तज्ज्ञांचं नक्कीच नाही. विषयपत्रिका आधी जाहीर झाली असती, प्रस्तावाची टिप्पणी आठवडाभर आधी हातात पडली असती आणि कोण काय बोललं हे नावानिशी नोंदलं गेलं असतं, तर राजीनामा देऊन वर्तमानपत्रांपुढे खुलासे करण्याची वेळ त्यांच्यावर आली नसती. बंद दाराचा फायदा बिनपगारी सदस्याला मिळतो, असं मला कधीच दिसलेलं नाही. तो मिळतो प्रस्ताव आणणाऱ्या खात्याला, कारण त्याला 'तज्ज्ञांनी पाहून मंजूर केलंय' असं म्हणता येतं. माझा सगळा वाद या एका गोष्टीपाशी आहे. समितीवरच्या माणसाच्या प्रतिष्ठेची ढाल करून मागे कोण उभं राहतं, ते बघा.

तिसरा दावा माहिती अधिकाराचा. इथे वाद घालायला जागाच नाही. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) मध्ये प्रत्येक कार्यालयाने मागितल्याशिवाय प्रसिद्ध करायच्या बाबींची यादी आहे. तिच्यातली आठवी बाब नेमकी समित्यांबद्दल आहे: दोन किंवा अधिक व्यक्तींची, कार्यालयाचा भाग म्हणून किंवा त्याला सल्ला देण्यासाठी नेमलेली मंडळं, परिषदा, समित्या कोणत्या, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्तं लोकांना पाहता येतात का. 'सल्ला देण्यासाठी' हे शब्द कायद्यातच आहेत. म्हणजे वरचा दुसरा दावा खरा धरला तरी हा तिसरा टिकत नाही. बैठकीचं दार उघडं ठेवाच, असं हे कलम म्हणत नाही, हेही खरं. दार उघडं आहे की बंद, एवढं तरी जाहीर करा म्हणतं. तुमच्या महापालिकेच्या संकेतस्थळावर ही आठवी बाब उघडून बघा. तिथे समितीच्या नावापुढे नुसतं 'होय' किंवा 'लागू नाही' लिहिलेलं असेल, तर त्याला प्रसिद्धी म्हणत नाहीत.

आणि इतिवृत्त मिळालं, तरी ते वाचायची एक रीत आहे. नेहमीचा नमुना असा असतो: 'विषय क्र. ७. सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मान्यता.' झालं. चर्चा कोणी केली, हरकती किती आल्या, त्यातल्या कोणत्या फेटाळल्या आणि का, काहीच नाही. मी आधी शेवटचं पान काढतो, जिथे उपस्थितांची यादी असते. विषयपत्रिकेत तीसेक विषय आणि बैठक पाऊण तासात आटोपलेली असेल, तर 'सविस्तर' या शब्दाचं वजन आपोआप कळतं. निर्णयाची कारणं बाधित लोकांना सांगायची, हेही कलम ४ मध्येच आहे. 'चर्चेअंती' हे कारण होत नाही.

आता 'माणसं पळून जातील' हा मुद्दा. यात थोडं तथ्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. माहिती अधिकाराचा अर्ज हातात घेऊन त्रास देणारे, तडजोडीची भाषा करणारे महाभाग प्रत्येक शहरात आहेत. निवृत्तीनंतर दोन तास काढून बैठकीला जाणाऱ्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला हा ताप कशाला, हे मलाही वाटतं. आणि सगळे गट एका मापाने मोजूही नयेत. मुंबईत १९९७ च्या सुमारास घाटकोपरच्या जोशी लेनमधून सुरू झालेले 'एएलएम' हे गल्लीतल्या रहिवाशांचे गट आहेत. कचरा वेगळा करा म्हणून दारोदार फिरणाऱ्या काकूंकडे कोणी इतिवृत्त मागत नाही आणि मागूही नये. कायद्याने अधिकार दिलेल्या समितीची गोष्ट निराळी.

पण उघडेपणाने समित्या ओस पडतात, हे मात्र अनुभवाला धरून नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये १९५३ पासून ब्राउन कायदा आहे. नगर परिषदेने रीतसर ठराव करून नेमलेल्या सल्लागार समित्यांनाही तो लागू होतो, सदस्य बिनपगारी असले तरी. नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते, बैठक सर्वांना खुली, लोकांना बोलायला वेळ ठेवलेला. बहुसंख्य सदस्यांनी आपापसात ईमेलवर विषय मिटवून टाकणंही चालत नाही. फ्रीमाँट-सनीव्हेलकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना विचारा, तिथल्या ग्रंथालयाच्या, उद्यानांच्या समित्या सत्तर वर्षांत बंद पडलेल्या नाहीत.

खासगीपणाचा आक्षेप दोन ओळींत संपतो. सदस्याचा फोन नंबर किंवा घरचा पत्ता कोणालाही नको आहे. त्याची संस्था महापालिकेकडून कंत्राट किंवा अनुदान घेते का, हे हवं आहे. नगरसेवकाला पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असला तर कायद्याने अपात्रता येते, मग त्याच टेबलाशी बसलेल्या नियुक्त सदस्याला हा प्रश्न विचारला तर अपमान कसला?

राहता राहिली निवडणूक. नियुक्त सदस्य मतपत्रिकेवर नसतो, त्यामुळे त्याला पाडणार कसं, हा पहिला प्रश्न. दुसरं म्हणजे मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झालं थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात नगरसेवकच नव्हते, म्हणजे नगरसेवकांची प्रभाग समितीही नाही. प्रशासकच प्रस्ताव मांडणार, प्रशासकच मंजूर करणार. त्या जवळजवळ चार वर्षांत नागरिकाच्या हाती जे काही उरलं होतं, ते कागद मागण्याचा हक्क हेच होतं.

तो वापरायला फार काही लागत नाही. नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे महापालिकांमध्ये सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात अभिलेख पाहता येतात. लेखी अर्ज करायचा तर दहा रुपये शुल्क, एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. मजकूर एवढा पुरे: '... समितीच्या गेल्या बारा महिन्यांतील सर्व बैठकांच्या विषयपत्रिका, टिप्पण्या, हजेरीपट आणि कायम झालेली इतिवृत्तं यांच्या प्रती मिळाव्यात.' तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर प्रथम अपील. 'समिती स्वयंसेवी असल्याने माहिती देता येत नाही' असं लेखी उत्तर आलं, तर ते जपून ठेवा. अपिलाच्या सुनावणीत कलम ४ च्या आठव्या बाबीशेजारी तेच ठेवायचं आहे.